ताटलीखालचं नाव

मिल्टन गार्फिंकलच्या चेहऱ्यावरून मनातलं काही कळत नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगे. चाळीस वर्षं कोट विकले, पण खरेदीची किंमत गिऱ्हाइकाला ओळखू दिली नाही. (दुसऱ्याच वर्षी सगळं गाव ओळखायला लागलं. दुकान शेवटी गेलं ते त्यामुळेच.)

निवृत्त होऊन फ्लोरिडाला आल्यावर त्याने बायकोचं मसाल्यांचं कपाट अक्षरांच्या क्रमाने लावून दिलं. त्याच दिवशी पर्लने ठरवलं, या माणसाला बुधवारी माह जाँगला, म्हणजे सोंगट्यांच्या त्या चिनी खेळाला, न्यायचं. डावाला पर्ल, बर्निस, आयडा आणि थेल्मा अशा चौघी होत्याच, म्हणून मिल्टन पाचवा, म्हणजे पैज लावणारा. सुरुवातीची सोंगट्यांची अदलाबदल झाली की चौघींचे हात बघायचे, कोण जिंकेल तिचं नाव कागदावर लिहून रुगेलाखच्या बिस्किटांच्या ताटलीखाली सरकवायचं. ती जिंकली तर तिच्याइतकंच यालाही मिळणार, हरली तर तिच्याइतकंच यानेही भरायचं.

"बघायचं, लिहायचं आणि गप्प बसायचं," पर्लने गाडीत बजावलं. "पहिली दोन तुला जमतील."

"अगं, नाव तर तुझंच लिहिणार."

"लिही बाबा. नऊ बुधवार झाले, एक डाव लागला नाही. निदान घरच्या माणसाचा तरी भरवसा असू दे."

मिल्टनने सगळे हात पाहिले. पर्लचा हात म्हणजे उरल्यासुरल्याची कोशिंबीर. बर्निस आणि आयडाचं यथातथाच. थेल्माला मात्र दोनच सोंगट्या हव्या होत्या, शिवाय हातात तीन जोकर. मिल्टनने अर्धा मिनिट पत्नीप्रेमाचा विचार केला आणि 'थेल्मा' लिहिलं. कागद उघडून बघणार कोण, असा त्याचा हिशोब. (दुकानातले हिशोबही असेच असत.)

आणि पर्लच्या हाताला पालवी फुटली. जोकर आला, पाठोपाठ दुसरा आला. आता जिंकायला तिला एकच सोंगटी हवी होती, लाल ड्रॅगन; दुसरीने टाकलेला उचलला तरी चालणार होता. नेमका तोच थेल्माने टाकायला उचलला, आणि तिच्या मागे उभ्या मिल्टनला जोराचा खोकला आला.

थेल्माने त्याच्याकडे पाहिलं, ड्रॅगन परत ठेवला, दुसरंच काही टाकलं.

"घसा धरलाय का रे?" पर्लने विचारलं.

"थोडासा."

दोन फेऱ्यांनी पर्लने लाल ड्रॅगन स्वतःच ओढला. "माह जाँग," ती अगदी हळू म्हणाली. "बघितलंस, मिल्टन? तुझा पायगुण. दाखव तो कागद, पर्समध्ये जपून ठेवते."

तिचा हात ताटलीकडे गेला. मिल्टनचा आधी पोचला. कागद तोंडात गेला.

"काय खातोयस?" आयडाने विचारलं.

"रुगेलाख."

"रुगेलाख ताटलीतच आहेत," बर्निस म्हणाली. "मोजून आठ."

मिल्टनने चावून गिळलं. कागद जाड होता, वेळ लागला.

"नाव पर्लचंच होतं," तो म्हणाला.

"मग आम्ही तुलाही द्यायला हवेत," थेल्मा म्हणाली, आणि तिघींनी पर्सा उघडल्या. मिल्टन प्रामाणिक माणूस, निदान साक्षीदारांसमोर. "राहू दे गं. माझे मी सोडले."

सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मिल्टनने काही सोडल्याचं पर्लने पाहिलं नव्हतं. हॉटेलातले साखरेचे पुडेसुद्धा तो घरी आणी. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग थेल्माच्या उघड्या पडलेल्या सोंगट्यांतल्या त्या परत ठेवलेल्या ड्रॅगनकडे.

"पर्ल, अगं, खोकला खरंच आला होता."

पर्लने सोंगट्या पालथ्या केल्या आणि शांतपणे ढवळायला घेतल्या.

"थेल्मा," ती म्हणाली, "तुझा माणूस उपाशी आहे, कागद खातोय. घरी ने त्याला, आणि काहीतरी वाढ."