भुऱ्याचा पट्टा, माझी मान

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तिनं माझ्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा बांधला आणि विचारलं, "अजी, टोचून राहिला का?"

सकाळची वेळ. मी ओट्यावर बसून चहा पिऊन राहिलो होतो. म्हटलं, "थोडासा."

तिनं पट्टा सोडला, त्यातला एक खिळा पाट्यावर घासला आणि पुन्हा बांधला. "आता?"

"आता नाही."

"मंग झाला," म्हणाली, आणि माझी कपबशी उचलून आत गेली.

नाव तिचं गिरजा. आमच्या सौंसरच्या गल्लीत तिला गिरजाबाई म्हणत, मी बुढी म्हणायचो. मी तिसरी नापास. जन्म संत्र्याच्या पेट्या ठोकण्यात गेला, त्यामुळं सजवून लिहिणं मला येत नाही. होती तशी सांगतो.

तिचा एक नियम होता. जनावराला जे करायचं ते आधी नवऱ्याला करून पाहायचं. शेळीचं औषध आधी माझ्या जिभेवर. बछड्याची झूल आधी माझ्या पाठीवर. वेसण तेवढी राहिली, ती आमच्याकडं बैल नव्हता म्हणून.

आणि मग आला भुऱ्या. गावठी कुत्रा, एक कान उभा, एक पडलेला. स्वभावानं गरीब. चोर आला असता तर त्यानं त्याला पाणी विचारलं असतं. पण पोस्टमनची सायकल त्याला बघवत नसे. कोपऱ्यावर घंटी वाजली की हा निघालाच. दूधवाल्याची सायकल जाऊ दे, मास्तरांची जाऊ दे, तिकडं पाहणार नाही. पोस्टमन दोनदा पडला. दुसऱ्यांदा थैलीसकट नालीत. अख्ख्या गल्लीच्या चिठ्ठ्या दोरीवर वाळत घालाव्या लागल्या, आणि कुणाच्या घरात काय चालू आहे ते सगळ्यांना समजलं.

गल्लीतली चार शहाणी माणसं बसली. ठरलं असं, की दिवाळीपर्यंत कुत्रा सुधरला तर ठीक, नाहीतर संत्र्याच्या ट्रकात टाकून नागपूरच्या पलीकडं सोडून द्यायचा.

बुढी म्हणाली, "त्याले टाकान तर मले बी टाका."

एकजण म्हणाला, "काकू, ट्रकवाला तयार नाही होणार."

तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं. पण दुसऱ्या दिवसापासून घरात शाळा सुरू झाली.

पहिलं आलं लोढणं. उनाड ढोरानं पळू नये म्हणून गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात ते. मी पेटीच्या फळीचं केलं. बुढीनं ते माझ्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाली, "मारोतीच्या देवळापर्यंत जाऊन या. मान दुखली तर सांगा."

मी निघालो. शेजारच्या ओट्यावर गुरुजी बसलेले.

गुरुजींचं थोडं सांगावं लागेल. तीस वर्षं शाळेत होते. त्यांच्या शिंदीच्या छडीनं अर्ध्या सौंसरचे हात सुजवले, त्यात आमचा पोरगाही आला. पण रिटायर झाल्यावर त्यांना कुठूनतरी कुत्रे शिकवायचं पुस्तक मिळालं आणि माणूस पार बदलला. खिशात कायम बिस्किटं. "कुत्र्याला भय दाखवू नये, बिस्कीट दाखवावं," हे दिवसातून चार वेळा.

माझ्या गळ्यातलं लोढणं पाहून ते उभेच राहिले. "अरे, काय हाल केलेत तुझे!" म्हणाले, आणि हात सवयीनं खिशात गेला. मला बिस्कीट दिलं. मी खाल्लं. खोटं कशाला सांगू, बरं होतं.

मग भांडायला घरी आले. "गिरजाबाई, भीतीनं शिकलेलं टिकत नाही. प्रेमानं शिकलेलं टिकतं."

"मंग तुमची छडी कायची होती, गुरुजी? खोबऱ्याची?"

"मुलांची गोष्ट वेगळी."

"हो ना. कुत्र्याले शिकवाले अक्कल लागते."

गुरुजी गेले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या ओट्यावर आपली शाळा काढली. कुत्रा पळाला नाही की बिस्कीट. भुऱ्यानं हिशोब लावला. आधी पळायचं, मग गुरुजींपुढं येऊन न पळाल्यासारखं बसायचं. महिनाभरात त्याचं पोट सुटलं.

लोढण्याचाही उपयोग झाला नाही. ओंडका दगडावर आपटत भुऱ्या असा धावला, की पोस्टमन कुत्रा दिसायच्या आधी आवाजानंच पडला.

मग खिळ्यांचा पट्टा. बुढीच्या भाच्यानं सांगितलं होतं की मोठ्या शहरात असाच वापरतात, ओढला की टोचतो. खिळे माझ्याच कामावरचे, पेट्यांचे. पण मी टोकं बाहेर काढली, कारण आमच्याकडं तशीच काढतात, बिबट्यानं मान धरू नये म्हणून. भुऱ्या सुटला, बुढीनं मागून पट्टा धरला आणि ओरडलीच. भुऱ्या सायकल सोडून परत आला आणि तिचा तळहात चाटत बसला.

"लागू झाला पट्टा," मी म्हटलं.

"कोनाले?" म्हणाली, आणि पदरानं रक्त पुसलं.

मग टोकं आत केली. आधी अर्थात माझी मान. मी असा ओरडलो की गुरुजी भिंतीवरून डोकावले. "याला विरोध आहे माझा! लेखी देतो!"

"द्या. पोस्टमनच्या हातानं पाठवा," बुढी म्हणाली.

पण त्या दिवसापासून ती रोज एक-दोन खिळे पाट्यावर घासायला लागली. घासायची, माझ्या गळ्यात बांधायची, विचारायची. माझी मान पाहून न्हावी म्हणाला, "काका, काकू चावते का?" शेवटी खिळ्यांचे हरभरे झाले.

मी म्हटलं, "काय वं, हा मलेच टोचत नाही, तर कुत्र्याले काय होईन?"

"त्याले काय मालूम? दिसाले भारी दिसते ना. भेव दिसलं पाहिजे, टोचलं नाही पाहिजे."

तोच पट्टा त्या सकाळी पुरा झाला. दिवाळीला आठ दिवस होते. कपबशी घेऊन ती आत गेली, चुलीपाशी बसली आणि तशीच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. पोरगा भिलाईला नोकरीला, त्याला तार केली, पण तो दोन दिवसांनी पोचणार होता. दिवस मावळायच्या आत अग्नी मीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. गुरुजी शेजारी. भुऱ्या आत चुलीपाशी पडला होता, गळा मोकळा. दहाच्या सुमारास कोपऱ्यावर घंटी वाजली.

भुऱ्यानं कान उभा केला. उठला. पण दाराकडं आला नाही. चुलीपुढच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, थांबला, आणि परत बसला.

"बसला!" गुरुजींचा हात खिशाकडं गेला. मग माझं तोंड पाहून तिथंच राहिला.

दोन महिने सगळी गल्ली कुत्र्याकडं पाहत होती. त्याच्या आधी दारातून कोण निघतं, ते कुणी पाहिलं नाही. मीही नाही, सगळं कानावर पडत असून. पोराची चिठ्ठी वर्षात दोनदा यायची, दिवाळीला आणि संक्रांतीला. पण बुढी रोज पळायची. पिठाचे हात, पायात काही नाही. विचारलं तर म्हणायची, कुत्र्याले धराले पळावं लागते. आणि पोस्टमनजवळ पोचली की हळूच, "आमचं काही हाय का, भाऊ?" भुऱ्या बिचारा तिच्या मागं पळायचा. ती म्हातारी, तो जवान, म्हणून तो पुढं दिसायचा.

मी उठलो.

"कुठं रे?" गुरुजी म्हणाले.

धोतर वर खोचलं आणि पळालो. माझं पळणं ते काय! भुऱ्या उठून मागं आला, पण त्याला पळावंच लागलं नाही, चालत चालतच बरोबर राहिला. पोस्टमन आम्हा दोघांना पाहून सायकलवरून उतरला आणि भिंतीला टेकला.

मला दम लागला होता. विचारलं, "आमचं काही हाय का, भाऊ?"

त्यानं थैली उघडली. नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी सगळी चाळली. मग म्हणाला, "नाही काका, आज नाही." आणि भुऱ्याकडं पाहून, "हा?"

"त्याचं काही नाही," मी म्हटलं. "तो सुधरला. गल्लीले सांगजा, आता मी पळतो."