नावांचं पान

विश्वजीतने दाढ काढायची म्हणून ऑफिसात अर्ध्या दिवसाची सुटी टाकली आणि सकाळी अकराला घरीच, दाराला आतून कडी लावून, पुण्याच्या कंपनीच्या मुलाखतीला बसला. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट. बरोबरीचे सगळे पुण्याला जाऊन स्थिरस्थावर झाले होते. ही नोकरी हुकली तर आपण जन्मभर क्रांती चौकातल्या एका दुकानावरच्या ऑफिसात मोबाइल ॲपचे पडदे आखत राहणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

दाखवायला त्याच्याकडे खणखणीत असं एकच काम होतं, सीताफळांचं ॲप. दौलताबादच्या बागवाल्यांनी आज कसा माल आहे ते कळवायचं आणि शहागंजच्या फळवाल्यांनी तो मागवायचा. गंमत म्हणजे त्यात लिहायचं काहीच नव्हतं. सीताफळाच्या चित्रावर अंगठा फिरवला की त्याचे डोळे उघडत जात आणि फळ किती पिकलंय ते समोरच्याला दिसे. चित्रं ऑफिसातल्या शाइस्ताची. गावोगाव हिंडून माणसांना बोलतं केलं तिथल्याच याह्याने. आणि मुळात, "डोळं उघडलं की तोडायचं, त्याला आकडा कशाला पायजे?" असं म्हणाल्या त्या दौलताबादच्या बागवाल्या आवडाबाई. विश्वजीतने अंगठा फिरल्यावर काय कसं हलावं ते जमवलं. अशा कामात कोणाचा हात कुठे संपला ते सांगणं मुश्कील.

पण ते लिहायचंच, असा ऑफिसचे मालक करीमसर यांचा दंडक होता. सरांच्या अब्बांचा शहागंजात लग्नपत्रिकांचा छापखाना होता. पत्रिकेत एक मामा छापायचा राहिला तर मांडवात काय होतं, ते सरांनी लहानपणापासून पाहिलेलं. "नाम छूटा, रिश्ता टूटा," असं म्हणून प्रत्येक फाइलीच्या शेवटी ते एक पान ठेवायला लावत. कोणी काय केलं, नावानिशी.

विश्वजीतला त्या पानाची भीती वाटली. चार नावं दिसली की पुण्याचे विचारणार, मग तू काय केलंस? म्हणून काल संध्याकाळी त्याने फाइलीची प्रत काढली आणि तिच्यातलं नावांचं पान उडवून टाकलं. मन थोडं खात राहिलं, पण जगात सगळेच असं करतात, अशी त्याने मनाची समजूत घातली.

मुलाखतीला श्रेयामॅडम आणि आकाशसर होते. विश्वजीतने फाइल उघडून आपल्या लॅपटॉपचा पडदा त्यांना दिसेल असा केला. "हे पूर्ण तुमचं?" श्रेयामॅडमनी विचारलं.

"पूर्ण. संकल्पनेपासून सगळं," विश्वजीत म्हणाला.

इतक्यात पडद्याच्या कडेने एक गुलाबी बाण आत आला. त्याच्या शेपटीला पाटी होती, ‘शाइस्ता’.

विश्वजीतच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिसातली मूळ फाइल सगळ्यांची सामायिक, एका वेळी जितकी माणसं ती उघडतील तितके नावाचे बाण तिच्यात फिरतात. पण प्रतीत शाइस्ता कशी? त्याने वर पाहिलं. फाइलीच्या नावापुढे ‘प्रत’ नव्हतं. काल गडबडीत त्याने पान उडवलं होतं ते मूळ फाइलीतलं आणि आज उघडलीही तीच.

"या शाइस्ता कोण?" आकाशसर म्हणाले.

"त्या... बघायला येतात."

"काय बघायला?"

"काम," विश्वजीत म्हणाला आणि फाइलीची खिडकी बंद करायला गेला.

"राहू द्या, राहू द्या," श्रेयामॅडम म्हणाल्या. त्यांना मजा वाटू लागली होती.

बाणाशेजारी एक फुगा उमटला. शाइस्ताने लिहिलं होतं, "नावांचं पान कुठं गेलं?"

हिरवा बाण आला. याह्या. "काल संध्याकाळी उडालंय. विश्वजीतच्या हातून. नोंद हाय इथं."

विश्वजीतच्या कानशिलांवरून घामाची धार लागली. आता ऑफिसही गेलं आणि पुणंही गेलं.

"चुकून झालं असंल," शाइस्ताने लिहिलं. "लई ठणकायली असंल बिचाऱ्याची दाढ."

"हौ, होतं असं कोणाच्याबी हातून," याह्याने फार लगबगीने लिहिलं.

"तुमची दाढ दुखतेय?" आकाशसरांनी विचारलं.

विश्वजीतचा हात आपोआप गालावर गेला. "आता दुखायलीय, सर."

मग मोठा काळा बाण आला. करीम. "पान वापस डालो. अभ्भी."

आणि शाइस्ता त्याच्या डोळ्यांदेखत, पुण्याच्या दोन माणसांच्या साक्षीने, पान लिहू लागली. आवडाबाई, डोळ्यांची मूळ कल्पना. याह्या, गावोगावच्या मुलाखती. शाइस्ता, चित्रं. मग लिहिणं थांबलं. विश्वजीतला वाटलं, आपलं नाव येणार नाही, यावंच कशाला?

अक्षरं पुन्हा उमटू लागली. "विश्वजीत. आवडाबाईंचा अंगठा कामानं खरखरीत, त्यांनी फिरवला तरी चित्र हलत नव्हतं. विश्वजीत बसने अकरा वेळा दौलताबादला गेला, त्यांच्याशेजारी बसून दर वेळी बदललं आणि त्यांना जमेपर्यंत सोडलं नाही. हे नसतं तर आमची नुसती चित्रं राहिली असती." मग तिने ती ओळ उचलली आणि सगळ्यांच्या वर नेऊन ठेवली.

विश्वजीतला भरून आलं. आपण काय काम करतो ते त्याला स्वतःला इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं. संकल्पनेपासून सगळं, म्हणे!

"मॅडम, ते पान मीच काढलं होतं," तो म्हणाला. "चुकून नाही. हे काम माझ्या एकट्याचं नाही."

"दिसलं आम्हाला," श्रेयामॅडम शांतपणे म्हणाल्या. "शाइस्तांचा नंबर मिळेल?"

नंबर लिहिताना शेवटचा आकडा चुकवावा असं एकदा त्याच्या मनात आलं. त्याने तो बरोबर लिहिला आणि दोनदा तपासला.

दुपारी तो ऑफिसात गेला, याह्याशेजारच्या आपल्या खुर्चीत मान खाली घालून बसला. तासाभराने शाइस्ताचा फोन वाजला.

"पुण्याहून? मला?" ती उठून उभी राहिली. "व्हय मॅडम, चित्रं माझी. पण नुसत्या चित्रांनी काय होतंय? आमच्याकडं विश्वजीत हाय, याह्या हाय. त्यांच्याशिवाय झालंच नसतं. त्यांनाबी बोलवा की एकदा!"

पलीकडचं बोलणं ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली. फोनवर हात ठेवून ती वळली.

"काय रे, त्या म्हणायल्यात, दोघांनाबी बोलावून झालंय. हेच काम दाखवलं, दोघांनीबी एकट्यानंच केलं म्हणून. एकानं आज आन्‌ एकानं सोमवारी."

विश्वजीतने हळूच मान वळवली. शेजारी याह्या पडद्यात इतकं डोकं घालून बसला होता, की त्याचे लाल झालेले कान तेवढे दिसत होते.