पहिल्याच दिवशी निजलेल्या बाहुल्या

"आजचा एक दिवस! एवढा निभावला की मी सुटले!" डब्याचं झाकण दाबत हेमलताने नवऱ्याला बजावलं. मंदारने मोबाइलमधून मान न काढता "हं" म्हटलं. मोटार कंपनीतल्या नोकरीसाठी बायकोला सांगलीहून चेन्नईला आणल्यापासून तो बहुतेक प्रश्नांना "हं" म्हणत असे.

हेमलता जूनपासून मैलापूरच्या एका शाळेत एलकेजीला शिकवत होती. म्हणजे नाकं पुसत होती. तिची रोजची शिरगणती पक्की: मुलं सव्वीस, बूट बावन्न, त्यांतले उजव्या पायाचे सत्तावीस! हे कसं, ते चार महिन्यांत उलगडलं नव्हतं.

पण दसऱ्यानंतर तिसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या. मुख्याध्यापिका सीतालक्ष्मी मॅडमनी शब्द दिला होता, "गोलू नीट पार पाड गे, तिसरी तुझी." मॅडम तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी तीनशे वर्षं जुनं आणि हेल अस्सल तमिळ. तिसरी! तिथली मुलं स्वतःची लेस स्वतः बांधतात! 'शू'ला एकटी जातात आणि परतही येतात! हेमलताची स्वर्गाची कल्पना आता एवढीच उरली होती.

गोलू म्हणजे नवरात्रातली बाहुल्यांची आरास. प्रत्येक मुलाने घरून एक बाहुली आणली. भव्याने ढेरपोट्या वाणी शेठजी आणला, कोणी मान डोलावणारी तंजावरची नर्तकी. साडेबारापर्यंत पाच पायऱ्यांवर सव्वीस बाहुल्या उभ्या राहिल्या. साडेतीनला सगळ्या आया हळदीकुंकवाला येणार होत्या.

आता मधला झोपेचा तास. ह्या तासाला आजवर झोपलं होतं कोण, तर वर्गाची मदतनीस रंजनी.

"मिस, शेठजी जागे आहेत," चटईवर ताठ बसून भव्या म्हणाली. "मग मी का झोपू?"

मुद्दा बिनतोड होता. हेमलताचे पाय पहाटेपासून भरून आले होते. तिने शेठजीला उचललं आणि सरळ आडवं केलं. "झोपले शेठजी. आता तू."

भव्या झोपली! लगेच पंचवीस हात वर. "मिस, माझा राजा!" "मिस, माझी अम्मा!" हेमलताने सव्वीसच्या सव्वीस बाहुल्या निजवल्या, वर हातरुमालांची पांघरुणं घातली. सात मिनिटांत वर्ग गार! छताचा पंखा करकरतो, हे तिला जूनपासून पहिल्यांदा ऐकू आलं. जरा डोळे मिटावेत म्हणून ती भिंतीला टेकली...

"अय्यय्यो मिस!"

डोळे उघडले तर साडेतीन. दारात रेशमी साड्यांची रांग, मोगऱ्याचा घमघमाट, आणि पुढे डोक्याला हात लावलेली रंजनी. तिच्याही गालावर चटईचे वळ होते, पण ते आत्ता कोण मोजतो!

"बाहुली कोणी निजवली? आता गोलू संपला!"

"संपला?"

"दसऱ्याच्या रात्री एक बाहुली आडवी करतात मिस, की झालं, ह्या वर्षीचा गोलू बंद! तुम्ही पहिल्याच दिवशी..." रंजनीने पायऱ्यांकडे पाहिलं. "आणि सव्वीस!"

हेमलताने झेप घेऊन शेठजीला उभं केलं. तेवढ्यात भव्या जागी झाली. "मिस, श्श! त्यांची झोप व्हायचीय!" शेठजी पुन्हा आडवे. वर हेमलता दोन उभ्या करते, तोवर खाली भव्या तीन निजवते! तंजावरची नर्तकी तेवढी उभी राहिली, पण तीही मान हलवून "नाही, नाही" म्हणू लागली. मॅडम आत आल्या, आणि हेमलताची तिसरी बांधलेल्या लेसांसकट दूर दूर पळाली.

"अगे, अस्के निजलेत की!" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मराठीत 'अस्के' म्हणजे 'सगळे'.

मागच्या बायकांत कुजबुज सुरू झाली. पण बाहुल्यांकडे पाहत कोण होतं?

"तो माझा हरिप्रसाद आहे?" एक आई पुटपुटली. "दुपारी? झोपलेला?" तिने फोटो काढला. दुसरीने हेमलताचा हातच धरला, "मिस, कसं केलंत हो?" आणखी एक व्यवहारी निघाली, "उठवू नका. मी पाचला येते." ती टी. नगरला साड्या बघायला गेलीसुद्धा! मागोमाग आणखी चौघी.

मॅडमनी शेठजीचं पांघरूण नीट केलं. "दिवा लावला नाही ना अजून? सांजेला लावू, तेव्हा गोलू मांडला म्हणायचं. दुपारी लेकरांनी खेळ केला, इतकंच."

हेमलताच्या जिवात जीव आला. "मग मॅडम... तिसरी?"

"तिसरी?" मॅडम झोपलेल्या पोरांकडे पाहत राहिल्या. "एकोणीस वर्षं झाली गे, ह्या वर्गात रंजनीशिवाय कोणी निजलेलं मी पाहिलं नाही. तुला तिसरीत धाडून मी काय करू? तिथं कोण निजतं?"

हेमलता मटकन चटईवर बसली. भव्या सुटलेली लेस ओढत आली, तिच्या मांडीत घुसली आणि इवल्या हाताने तिलाच थोपटू लागली. "मिस, तुम्ही पण झोपा. मी आहे ना."

हेमलताला खरंच झोप यायला लागली. तीच तर पंचाईत!

रात्री जेवताना मंदारने विचारलं, "सुटलीस?"

"नाही," हेमलता म्हणाली, "कायम झाले."

"हं," मंदार म्हणाला.