पंगतीत न बसणारे केशवराव

केशवरावांना लग्नाच्या पंगतीत बसून जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. लग्न चिंचवडचं असो की निगडीचं, हा गृहस्थ मांडवात शिरला की टोपी खिशात, उपरणं कमरेला आणि जिलेबीची परात हातात. मुलाकडच्यांना वाटायचं हे मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटायचं हे मुलाकडचे.

मी एकदा विचारलं तर म्हणाले, "राव, जेवणाऱ्याला शेजारी दोनच, डावा नि उजवा. वाढप्याला अख्खी पंगत!"

पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, तेव्हाची गोष्ट. केशवराव तिथे फिटर. माझ्यासारखे बाहेरगावचे बेकार फाटकापाशी घिरट्या घालायचे. माझी नोकरी त्यांनी जिलेबीवरच लावली. आकुर्डीच्या एका लग्नात कारखान्याचे हेडक्लार्क पानावर बसले होते. केशवरावांनी एक जिलेबी वाढली, दुसरीचा आग्रह केला आणि तिसरी पानावर धरून म्हणाले, "साहेब, ओळखीचा एक मुलगा आहे, अक्षर मोत्यासारखं. उद्या पाठवू ना?" तोंडात घास असलेला माणूस मान डोलावण्यापलीकडे काय करणार?

काम झालं की ओळख संपली, असं मात्र नव्हतं. "काम असताना कुणीही जातो. काम नसताना जायचं," हे त्यांचं पालुपद. रविवारी सायकल काढायची आणि पिंपरी कॅम्पातल्या सिंधी तोलारामच्या कापडदुकानापासून सुरुवात करून गावोगाव विचारपूस करत फिरायचं. कुणाचे दात पडलेत हे त्यांना पाठ. पंगतीत त्याच्यासाठी जिलेबी मठ्ठ्यात बुडवून मऊ केलेली असायची. काही जण त्यांना लोचट म्हणत. ते कानावर आलं, त्या रविवारी केशवराव त्यांच्याकडेही जाऊन आले.

त्यांना एकच मुलगी, कमल. आई लहानपणीच गेलेली. तिला मोशीच्या एका शेतकरी घरातून मागणी आली. मुलगा कमलला आवडला होता, म्हणून केशवराव हरखून गेले होते. बैठकीला मी बरोबर होतो. मुलाच्या चुलत्यांनी, आबांनी, विचारलं, "पावनं, तुमची भावकी किती? पंगत भावकीनंच वाढायची, आमच्यात भाडोत्री माणसं चालत न्हाईत."

"आहे ना, बरीच आहे," केशवराव म्हणाले आणि खाली बघू लागले.

परतताना ते सायकल हातात धरून चालतच होते. "खोटं बोललो, राव. प्लेगात आमचं सगळं घर गेलं. भावकी म्हणायला कुणी नाही. मांडवात हे उघडं पडलं, तर पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागेल."

"अहो, मग तुमच्या एवढ्या ओळखी कशाला आहेत? सांगा त्यांना."

"दुसऱ्यासाठी तोंड उघडतं हो. स्वतःसाठी नाही उघडत."

मला त्यांचा राग आला आणि गलबलूनही आलं. पुढच्या रविवारी मीच त्यांची सायकल मागून नेली.

लग्न लागलं. मोशीची मंडळी पानांवर बसली. केशवराव एकटेच परात उचलायला वाकले, तोच ती कुणीतरी ओढून घेतली. बघतात तर धोतर खोचून हेडक्लार्क उभे! मागून आकुर्डीचा सुतार पाण्याची बादली घेऊन आला, तोलाराम भाताची परात घेऊन आला. कारखान्यातला मद्रासी केमिस्ट मीठ वाढत निघाला, अगदी तोलून मापून. केशवरावांना लोचट म्हणणारे दोघे मठ्ठ्यावर होते.

आबा जेवायचं सोडून बघत राहिले. "पावनं, भावकी दांडगी हाय की! पर एकाचं त्वांड दुसऱ्यासारखं न्हाई!"

उत्तर तोलारामनं दिलं, "चाचाजी, हम सब इनके भाई हैं. चावल और दूँ?"

आबा खळखळून हसले. "व्हय, वाढ की! भावाला न्हाई कसं म्हनायचं?"

शेवटच्या पंगतीला आम्ही केशवरावांना धरून पाटावर बसवलं. "मला जमत नाही हो," म्हणत ते दोनदा उठले, दोनदा खाली दाबले गेले. डावीकडे आग्रहानं पुन्हा पानावर बसलेले आबा, उजवीकडे कमल. जिलेबीची परात माझ्या हातात होती. मी एक वाढली, मग दुसरी, मग तिसरी. त्यांचे डोळे भरून आले होते. जन्मभर दुसऱ्याचं ‘नको’ उडवून लावलेल्या माणसाला स्वतःला ‘नको’ म्हणता येईना. मी वाढत राहिलो.