मालक कोण?

"मावशी, टाकी भरून वाहतेय!" प्रीतम गच्चीच्या जिन्यातून ओरडला आणि पीठ कालवणारी शेवंती तशीच बाहेर धावली. गच्चीवर तांदळाच्या फेण्या वाळत होत्या, अजून ओल्या, उचलल्या तर मोडणाऱ्या. लेक जान्हवी उद्या सासरी निघणार आणि विहीणबाईंनी फेण्या खास मागितलेल्या!

"मग बंद कर ना पंप, मेल्या!"

पूर्वी ते सोपं होतं. पण पोरंटोरं उगाच बटण दाबायची, म्हणून चारकोपच्या या सोसायटीनं समोरच्या घरातल्या प्रीतमकडून यंत्रणा बसवून घेतली. टाकी भरली की तिचा निरोप जिन्याखालच्या छोट्या संगणकाच्या डब्यात कुलूपबंद होऊन सगळ्यांच्या मोबाइलवर यायचा. उघडायचा मात्र 'बी विंग' आणि 'मालक' हे दोन्ही गुण, म्हणजे ओळखीचे शिक्के, ज्याच्या मोबाइलमधल्या किल्लीत असतील त्यालाच. पंप बंद करायचं बटण त्या निरोपातच होतं.

"निरोप ढगात जातात म्हणतात ना रे?"

"क्लाउड लांब पडतो, मावशी. हे फॉग. धुकं. आपल्या जिन्यापर्यंत उतरलेलं."

"आणि धुक्याला कुलूप?" अशा वेळीही शेवंतीला कुतूहल आवरेना. "बरं, तुझ्या मोबाइलवर उघड."

"मी भाडेकरू. मला नाही उघडत."

"कुलूप तू केलंस आणि तुलाच उघडत नाय?"

"तीच तर गंमत आहे!" प्रीतम ऐटीत म्हणाला आणि वरचं पाणी ऐकून पुन्हा गच्चीकडे पाहू लागला.

बी विंगचे झाडून सगळे मालक शिमग्याला गावी गेलेले. शेवंतीचा नवरा दत्ताराम सोसायटीचा सेक्रेटरी. पंपाच्या खोलीची चावी त्याच्या खिशात आणि पालखीच्या गर्दीत कुणाचाच फोन लागत नव्हता.

"मग तूच हो ना मालक!"

"खोटा गुण लावला तर कुलपाला अर्थ काय? घर ज्याच्या नावावर, त्यालाच किल्ली."

"नावावर? माझ्या नावावर आहे की! बाबांनी घेऊन दिलंय."

प्रीतम लॅपटॉप घेऊन जिन्यातच बसला. "अहो, मी 'मालक कोण' विचारलं तेव्हा तुम्ही काकांचं नाव सांगितलंत!"

"मग? आमचे मालक तेच ना! घर कुणाचं, हे कुठे विचारलंस?"

प्रीतमनं कपाळावर हात मारला आणि 'मालक' हा गुण काकांच्या किल्लीतून काढून मावशीच्या किल्लीत घातला. शेवंतीनं आपल्या मोबाइलवर निरोप उघडून पिठाच्या बोटानंच बटण दाबलं. पाणी फेण्यांच्या चादरीला जेमतेम शिवून थांबलं.

दोन दिवसांनी दत्ताराम गावाहून आला. टाकीच्या निरोपानं दोघांचेही मोबाइल वाजले. "अगो, ह्या उघडत कित्याक नाय? मी मालक मा?"

"माझे मालक. घराचे नाय."

दत्ताराम मान वाकडी करून तिच्या मोबाइलात डोकावू लागला. शेवंतीनं तो पदराखाली घेतला.

"काय लिवलेला आसा?"

"प्रायव्हेट आसा," ती म्हणाली.