नवरीचा मुक्काम

पंच्याण्णव सालच्या जानेवारीत एका नामवंत खेळाडूवरचा खुनाचा खटला टीव्हीवर दिवसभर दाखवायला लागले, त्यापायी दुपारची मालिका बंद पडली, आणि मालिकेतली नवरी क्लॅरिसा ओहायोतल्या इंदुमतीबाई कर्णिकांकडे राहायला आली.

अशा वेळी मालिकेतल्या माणसांची सोय नेहमीच्या प्रेक्षकांकडे करतात. खलनायक एका दंतवैद्याकडे गेला होता. इंदुमतीबाईंनी एकही भाग चुकवलेला नसल्यामुळे नायिका त्यांच्या वाट्याला आली.

शनिवारी सकाळी चॅनेलचा माणूस गिल्बर्ट तिला पोचवायला आला. बुटांवरचा बर्फ झटकत त्याने सूचना दिल्या.

"हा पांढरा झगा बदलायचा नाही. पाद्रींनी 'हा वर तुला मान्य आहे का' असं विचारलंय आणि हिने तोंड उघडलंय. पुढचा भाग तिथूनच सुरू होईल."

"जेवते का?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

गिल्बर्टने आठवून पाहिलं. "आजवर फक्त कॉफी प्यायली आहे."

"मग वरणभात चालेल."

त्यांचा मुलगा निशिकांत सोफ्यावर उदास बसला होता. बेसबॉलचे खेळाडू ऑगस्टपासून संपावर होते. "त्यांच्यापैकी कुणाला घरी ठेवून घेता येईल का?" त्याने विचारलं.

"ते खरे आहेत," गिल्बर्ट दिलगिरीने म्हणाला. "खऱ्यांची सोय आमच्याकडे नसते."

इंदुमतीबाई सांगलीहून आल्याला दोन वर्षं झाली होती. यजमान गेले आणि निशिकांत त्यांना घेऊन आला. मुलगा आणि सून मृणाल, दोघंही प्रेमाची. पण सकाळी दोघं आपापल्या गाडीने कामावर गेली की बाई घरात अडकायच्या. रस्त्याला फुटपाथ नव्हता. कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी शनिवारची वाट पाहायची. सांगलीला आता जवळचं कुणी उरलं नव्हतं, पण निदान चालत बाजारात जाता यायचं. येत्या दिवाळीला परत जायचं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मुलाला सांगायचा तेवढा धीर होत नव्हता.

क्लॅरिसा शहाणी मुलगी होती. मृणालच्या मैत्रिणींचं ऐकून तीही 'काकू' म्हणू लागली. मात्र पहिल्याच रविवारी ती गोंधळून स्वयंपाकघरात आली.

"काकू, आज मी काय करायचं असतं? शुक्रवारनंतर माझा एकदम सोमवार येतो."

"आज लसूण सोलायचा असतो," बाईंनी सांगितलं.

लसूण सोलताना बोलणं निघालं. तिची याआधी चार लग्नं झाली होती, हे बाईंना ठाऊक होतंच.

"तुला आवडले होते का ते?"

"तेवढा वेळच नसायचा. मी तोंड उघडायचे आणि 'हो' बाहेर पडायचं." तिने सोललेली पाकळी वाटीत टाकली. "या खेपेला तोंड उघडलंय, पण 'हो' अजून बाहेर पडलेलं नाही. असं पहिल्यांदाच झालंय."

बाईंना आपले कांदेपोहे आठवले. दहा माणसांत कुणीतरी विचारलं होतं, "काय गं, मुलगा पसंत आहे ना?" आणि त्यांनी मान वर करेपर्यंत पेढे वाटून झाले होते. माणूस चांगला निघाला, ही गोष्ट वेगळी.

"मग घे विचार करून," त्या म्हणाल्या.

बर्फ वितळला तेव्हा क्लॅरिसाचं लक्ष गॅरेजमधल्या जुन्या स्टेशन वॅगनकडे गेलं. गाडी तिला येत होती. दोनदा कड्यावरून खाली गेली होती. सुरू करणं, वेग घेणं, वळणावर आरशात बघून रडणं, हे सगळं तिने बाईंना शिकवलं. गाडी लावता मात्र तिला येत नव्हती, कारण त्याआधीच प्रसंग संपायचा. ते बाईंनी मृणालला विचारून घेतलं आणि क्लॅरिसाला शिकवलं. कामगार वस्तीमागच्या रिकाम्या मैदानावर एक साडीवर कोट घातलेली बाई आणि एक नवरी रोज गाडी मागेपुढे करायच्या.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकाने मागच्या सीटकडे पाहिलं. "या कोण?"

"पाहुणी आहे. लग्न थांबलंय."

"हो, खटल्यामुळे," तो म्हणाला. "डावीकडे घ्या."

बाई पास झाल्या. त्या दिवशी क्लॅरिसाने आनंदाने पुरणपोळ्या लाटायला घेतल्या आणि झग्यावर हळदीचा डाग पाडला.

ऑक्टोबरात खटल्याचा निकाल लागला आणि गिल्बर्ट तिला न्यायला आला. डाग बघून तो मटकन बसला.

"हा डाग कथेत नाही."

"मग घ्या कथेत," बाई म्हणाल्या.

त्याने ते मान्य केलं. "लेखकांनी 'हो' लिहून तयार ठेवलंय," तो क्लॅरिसाला म्हणाला. "विमान दुपारचं आहे."

"माझं अजून ठरलेलं नाही," क्लॅरिसा म्हणाली.

"ठरवणं तुमच्या कक्षेत येत नाही."

क्लॅरिसाचा चेहरा उतरला. इंदुमतीबाई खुर्चीवरून उठल्या. एवढ्या मोठ्या माणसाशी इंग्रजीत वाद घालायचा म्हणून त्यांनी वाक्य आधी मनात जुळवून घेतलं.

"प्रश्न कुणाला विचारलाय? हिला की लेखकांना?"

"हिला."

"मग उत्तर हिचं."

गिल्बर्टने बॅगेतली नियमावली काढून पुढूनमागून चाळली. "प्रश्नांबद्दल आमच्याकडे नियम आहेत," तो अखेर म्हणाला. "उत्तरांबद्दल खरंच एकही नाही."

विमानतळावर बाईंनीच सोडलं. गिल्बर्ट मागे बसला. निघताना क्लॅरिसा वाकून पाया पडली.

त्यानंतर त्यांना घरी बसवेना. पलीकडच्या गल्लीतली एक कोरियन आजी आणि दोन गुजराती विहिणी अशाच दिवसभर घरात बसून असायच्या. बाई त्यांना गाडीतून ग्रंथालयात नेऊ लागल्या, तळ्यावर नेऊ लागल्या. दिवाळीला परत जायचा विषय काढायचा राहूनच गेला.

मालिका पुन्हा सुरू झाली त्या दुपारीही त्या बाहेरच होत्या. परतल्या तेव्हा रजा घेऊन घरी थांबलेली मृणाल दारातच उभी होती.

"आई, पाहिलं नाहीत तुम्ही! पाद्रींनी विचारलं, तर 'विचार करून सांगते' म्हणाली आणि सरळ पायरीवर बसली."

"आणि तो?"

"पहिल्यांदा नुसता उभा राहिला. मग तोही तिच्याशेजारी बसला. 'मलाही कुणी विचारलं नव्हतं,' म्हणाला."

"अगंबाई," इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि कोट काढायला लागल्या. "बसू देत की मग जरा."