फवारणीवाल्या काकांचं निळं फुलपाखरू

फवारणीवाल्या काकांच्या गॅलरीत रुईचं रोप ठेवायला गल्ली आधी तयारच नव्हती. गल्लीचा बेत तसा सरळ होता. एका टोकाला तळं, दुसऱ्या टोकाला बाग, आणि मधल्या प्रत्येक गॅलरीत इथल्याच मातीतली झाडं. म्हणजे मधमाश्या-फुलपाखरांना थांबत थांबत पलीकडे जाता येईल. काकांची गॅलरी नेमकी मधोमध. आणि ज्या माणसाने जन्मभर घरोघरी जाऊन झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारली, त्याच्या दारात कोण उतरणार?

"पण मधेच खंड पडला तर सगळंच मुसळ केरात," समोरच्या घरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या. हा उद्योग मूळचा त्यांचाच. त्यांनी स्वतः रोप आणून दिलं आणि बोट रोखून बजावलं, "एकच अट. फवारायचं नाही."

"थेंबभरसुद्धा नाही," काका म्हणाले.

काकांना गल्लीच्या बेताशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. काकू लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या, त्या तिकडेच रमल्या. नातू आता घरभर धावायला लागला तरी परतायचं नाव नाही. "येऊन करू काय? तुमच्या घरात मुंगीसुद्धा फिरकत नाही," असं त्या फोनवर म्हणत. ते खरं होतं, आणि काकांना एके काळी त्याचा अभिमानही होता. हल्ली संध्याकाळी चुकून दोन कप काढून एक परत ठेवताना त्यांना एखादी मुंगीही चालली असती. फार आठवण यायची काकूंची. पण 'ये' म्हणायला जीभ रेटायची नाही. ते नळाच्या गळतीबद्दल बोलायचे आणि "बाकी ठीक" म्हणून फोन ठेवायचे. गॅलरीत एखादं फुलपाखरू उतरलं की त्याचा फोटो पाठवायचा, म्हणजे तोंडाने काही बोलायलाच नको, असा त्यांनी मनाशी डाव मांडला होता.

रुई तरारली, फुलली. वरच्या मजल्यावर फुलपाखरं, खालच्या मजल्यावर फुलपाखरं, आणि काकांकडे शुकशुकाट. शेवटी त्यांचा धीर सुटला. काकूंचं कपाट उगाचच उघडून बसायची त्यांना सवय लागली होती. त्यात काकूंची केसांची क्लिप सापडली, निळ्या फुलपाखराची. काकांनी ती रुईच्या गुच्छात खोचली, जरा लांबून फोटो काढला आणि काकूंना पाठवून दिला.

काम झालं होतं. पण क्लिप काढून ठेवायच्या आत समोरून बाईंचा आवाज आला. त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण होती.

"हलू नका! तुमच्या रुईवर निळं आलंय! असलं मी जन्मात पाहिलं नाही."

"बाई, अहो, ते..."

"श्श! किती स्थिर बसलंय. अंडी घालतंय बहुतेक!"

बघता बघता गल्ली काकांच्या बैठकीत जमली. चपला हातात, पाय चवड्यांवर. गल्लीतल्या शिंप्याने शिंक दाबायला पडद्यात तोंड खुपसलं. बाई कॅमेरा घेऊन गॅलरीकडे सरकत होत्या आणि काका हात पसरून वाट अडवत होते. "थांबा, फार लाजाळू आहे ते," असं काहीबाही त्यांच्या तोंडून निघत होतं. तेवढ्यात फोन वाजला. काकांनी गडबडीत कुठलं तरी बटण दाबलं आणि फोनच्या पडद्यावर काकू उगवल्या.

"अहो, ती माझी क्लिप ना? झाडाला का लावलीत?"

बैठकीत कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच सुटले. बाईंनी कॅमेरा खाली केला. काकांचे कान तापले.

"मग काय करू?" ते एकदम ओरडले. "तू येईनास, आणि फुलपाखरंही येईनात!"

हसणं जागच्या जागी थांबलं. पलीकडे काकू पडद्याच्या जवळ सरकल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "झाडावर अळ्या तरी दिसल्या का?"

"दिसल्या म्हणजे? रोज दिसतात. पट्ट्यापट्ट्यांच्या. मी सकाळी एकेक वेचतो आणि लांब नेऊन टाकतो. फवारायचं नाही म्हटलं होतं ना बाईंनी!"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्याच तर! तुमची पाठ वळली की फुलपाखरं येऊन अंडी घालून जातात, आणि त्या अळ्यांचीच पुढे फुलपाखरं होतात."

"म्हणजे येणारं सगळं तुम्हीच घराबाहेर काढलंत," काकू म्हणाल्या. रागावल्या की हसल्या, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी रुईवर पुन्हा अळ्या होत्या. काकांनी हात पाठीमागे बांधले आणि खुर्ची टाकून बसले. अळ्यांनी एक पान संपवलं, दुसरं धरलं. जन्मभर ज्यांच्या जिवावर उठले, त्यांची ती खादाडी काका कौतुकाने बघत होते. मग त्यांनी फोन लावला. नळाचा विषय काढला नाही.

"अगं, झाड खाऊन संपवतायत अळ्या," ते म्हणाले. "लवकर ये."